डेस्कटॉपवरची फाइल गेली कुठे?

काल रात्री डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल आज संगणक सुरू केल्यावर दिसत नाही, तेव्हा पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा घरातल्या एखाद्या निरपराध माणसावर. बहुतेक वेळा मात्र ती फाइल डिस्कवर शाबूत असते. फक्त आपण जिथे पाहतो आहोत तिथे ती नसते. असे का होते हे कळण्यासाठी आधी डेस्कटॉप ही काय चीज आहे ते पाहावे लागेल.

पडद्यावर कामाचे टेबल मांडण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ या संगणकाच्या रूपाने बाजारात आणली आणि अ‍ॅपल कंपनीच्या १९८४ च्या मॅकिंटॉशने, म्हणजे मॅकने, ती लोकप्रिय केली. ही उपमा इतकी अंगवळणी पडली आहे की टेबलावर ठेवलेला कागद जसा टेबलावरच राहतो, तशी फाइलही पडद्यावरच असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डेस्कटॉप हे इतर फोल्डरांसारखेच एक फोल्डर आहे. विंडोजमध्ये ते साधारणपणे ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ फोल्डरात, आपल्या खात्याच्या नावाखाली असते. पडद्यावर दिसतो तो या फोल्डराचा आणि सर्व वापरकर्त्यांसाठी असलेल्या आणखी एका सामाईक फोल्डराचा एकत्रित देखावा असतो. कोणत्या फोल्डराला डेस्कटॉप म्हणायचे, त्याचा पत्ता विंडोजने आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, लिहून ठेवलेला असतो. तो पत्ता बदलला की पडद्यावर दुसरेच फोल्डर दिसू लागते. जुन्या फोल्डरातल्या फायली तिथेच पडून राहतात.

हा पत्ता बदलण्याचे आजचे नेहमीचे कारण म्हणजे क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यातला, बॅकअप. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठ्याचा बॅकअप सुरू करण्यास आपण कधीतरी घाईघाईत ‘हो’ म्हटलेले असते आणि त्या क्षणापासून डेस्कटॉपचे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेले असते. पुढे तो बॅकअप बंद केला, तर पत्ता पुन्हा जुन्या जागी येतो, पण फायली अनेकदा वनड्राइव्हमध्येच राहतात आणि डेस्कटॉप रिकामा दिसतो. मॅकमध्येही २०१६ च्या ‘सिएरा’ आवृत्तीपासून डेस्कटॉप आयक्लाउड या अ‍ॅपलच्या क्लाउड साठ्याशी जोडता येतो, आणि ही जोडणी तोडल्यावर तिथेही नवे, रिकामे डेस्कटॉप फोल्डर तयार होते. अशा वेळी वनड्राइव्ह किंवा आयक्लाउड ड्राइव्हच्या आतले ‘डेस्कटॉप’ नावाचे फोल्डर उघडून पाहावे. एकाच संगणकात एकाच नावाची दोन फोल्डरे असणे गोंधळाचे आहे, आणि हा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. या गोंधळात खुद्द मायक्रोसॉफ्टही एकदा सापडले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती काही दिवसांतच थांबवावी लागली, कारण पत्ता बदललेली जुनी फोल्डरे निरुपयोगी समजून ती काढताना काहींच्या आतल्या फायलीही पुसल्या जात होत्या.

एकच फाइल दिसत नसेल तर गोष्ट वेगळी, पण सगळा डेस्कटॉपच बदलला असेल, म्हणजे मागचे चित्र मूळचे झाले असेल आणि ओळखीचे आयकॉन नसतील, तर विंडोजने आपल्याला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे आपल्या खात्याच्या फायली आणि मांडणी) प्रवेश दिलेला असू शकतो. नेहमीचे प्रोफाइल उघडताना अडचण आली की विंडोज हा मार्ग स्वीकारते. खऱ्या प्रोफाइलचे फोल्डर तेव्हाही ‘युजर्स’मध्ये असते. इथे एकच धोका आहे आणि तो मोठा आहे: या अवस्थेत जे काही नव्याने साठवाल, ते साइन आउट करताच नाहीसे होते. त्यामुळे काम तिथेच थांबवून संगणक पुन्हा सुरू करावा. याउलट एकही आयकॉन दिसत नसेल, तर बऱ्याचदा ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ ही खूण चुकून निघालेली असते. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू’मध्ये ती परत लावता येते.

फाइल मुळात डेस्कटॉपवर पोहोचली होती का, हा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. त्याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर ब्राउझरकडे असते. विंडोजमध्ये कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबली की क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये डाउनलोडची यादी उघडते, आणि तिथून फाइलचे फोल्डर थेट उघडता येते. फाइल त्या जागी नसेल तर यादीत तशी नोंद दिसते. म्हणजे ती उतरली होती, पण नंतर हलवली किंवा काढली गेली. डाउनलोड अर्धवट राहिले असेल तर फाइल वेगळ्या, तात्पुरत्या नावाने पडलेली असते, कारण शेवटचा भाग उतरल्यावरच ब्राउझर तिला खरे नाव देतो. झिप फायलींमध्ये, म्हणजे अनेक फायली दाबून भरलेल्या एकाच गाठोड्यात, आणखी एक गंमत होते. झिप उघडून बाहेर काढलेल्या फायलींवर बदलाची मूळ तारीख कायम राहते, त्यामुळे तारखेनुसार लावलेल्या यादीत आज मिळालेली फाइल दोन वर्षांपूर्वीच्या फायलींत जाऊन बसते. झिपमधून बाहेर न काढताच फाइल उघडली, तर उघडते ती तात्पुरत्या फोल्डरातली प्रत. तीत केलेले बदल डेस्कटॉपवर कधीच पोहोचत नाहीत.

फाइल उतरून काही क्षणांतच गायब झाली असेल, तर ती अँटिव्हायरसने उचललेली असण्याची शक्यता असते. विंडोज सिक्युरिटीच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये त्याची नोंद सापडते. फाइल कुठून आली याची खात्री नसेल तर ती तिथेच राहू द्यावी.

आणि फाइल खरोखरच पुसली गेली असेल तर? आधी रीसायकल बिन पाहावे, आणि डेस्कटॉप क्लाउडशी जोडलेला असेल तर क्लाउडवरचे बिनही. वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये आणि आयक्लाउडमध्ये पुसलेली फाइल साधारण ३० दिवस राहते. दोन्हीकडे ती नसेल, तरी डिस्कवरचा मजकूर लगेच नष्ट झालेला असतोच असे नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीत फाइल पुसणे म्हणजे तिची नोंद ‘रिकामी’ म्हणून खुणावणे आणि तिने व्यापलेली जागा मोकळी जाहीर करणे. मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाइल परत मिळण्याची आशा असते ती यामुळेच. एसएसडीचे, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचे, तसे नाही. तिथे कार्यप्रणाली (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने मोकळ्या झालेल्या जागा डिस्कला कळवते, आणि डिस्क त्या स्वतःच्या सोयीने साफ करून टाकते; विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. दोन्ही प्रकारांत पुसलेल्या फायली परत मिळवणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते, कारण ते सॉफ्टवेअर नेमके त्या हरवलेल्या फाइलच्या जागेवरच लिहिले जाऊ शकते. ते दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवरून चालवावे, आणि फाइल सापडलीच तर तीही पेनड्राइव्हवरच साठवावी.