गॉसमर: कोळ्याच्या धाग्यावरचा शब्द

इंग्रजी कविता वाचताना ‘गॉसमर’ हा शब्द अधूनमधून भेटतो. शब्दकोशात अर्थ मिळतो तलम, झिरझिरीत. पण मुळात हे एका खऱ्या वस्तूचं नाव आहे. शरद ऋतूतल्या शांत, उबदार दिवशी गवतावर पसरलेले किंवा हवेत तरंगणारे कोळ्यांचे सुटे धागे म्हणजे गॉसमर.

‘गूज’ हा हंसासारखा पक्षी आणि ‘समर’ म्हणजे उन्हाळा, यांतून हा शब्द झाला असं मानतात. नोव्हेंबरात मधेच ऊब परतते, आणि युरोपात गूजच्या मेजवान्याही त्याच सुमारास होत. जर्मन भाषेत तर अशा दिवसांना आणि या धाग्यांना एकच नाव आहे, ‘म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा’. हवेत तरंगणाऱ्या रुईच्या कापसाला आपणही ‘म्हातारी’च म्हणतो!

चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरनं गडगडाट, भरती-ओहोटी आणि धुकं यांच्या पंक्तीत गॉसमरला बसवलं, कारण लोकांना तेही तितकंच गूढ वाटे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएटला येताना पाहून पाद्री म्हणतो, प्रेमात पडलेला माणूस गॉसमरवर स्वार झाला तरी पडणार नाही.

या धाग्यावर खरोखरच कुणीतरी स्वार होतं. लहानसा कोळी गवताच्या टोकावर चढतो, पुढचा पाय उचलून वाऱ्याचा अंदाज घेतो, मग पायांच्या टोकांवर उभा राहून पोट आभाळाकडे करतो आणि धागे सोडतो. एका अभ्यासात खेकड्यासारख्या दिसणाऱ्या एकेका खेकडा-कोळ्यानं सोडलेले धागे पन्नास-साठ भरले. लांबी ३ मीटरपर्यंत, जाडी जेमतेम २०० नॅनोमीटर. केसाच्या शेकडो पट बारीक! पुरेशी ओढ बसली की कोळी पायांची पकड सोडून देतो.

१८३२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन ज्यावर होता ते बीगल जहाज किनाऱ्यापासून साठ मैलांवर असताना त्याच्या दोरखंडांवर असे हजारो कोळी उतरले. डार्विननं पाहिलं, की कोळ्यानं सोडलेले धागे एकमेकांत गुंतत नाहीत, किरणांसारखे फाकतात. त्याला स्वतःला हे वर चढणाऱ्या उबदार हवेचं काम वाटलं. पण सारख्या विद्युतभारामुळे धागे एकमेकांना दूर लोटत असतील, हा दुसऱ्या कुणाचा तर्कही त्यानं नोंदवून ठेवला.

वीज इथे खरंच काम करते. निरभ्र दिवशीही जमिनीलगतच्या हवेत उंचीच्या दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोळी वारा नसलेल्या बंद पेटीत ठेवले. विद्युतक्षेत्र सुरू केलं की धागा सोडलेले कोळी वर जात, बंद केलं की खाली येत.