रेशनकार्ड फाडणारे सभ्य लोक: ईलिंगच्या ब्लॅक अँड व्हाइट कॉमेडीची पार्श्वभूमी

जुन्या ब्रिटिश कॉमेडी सिनेमांचा विषय निघाला की लोक लगेच "किती सोज्वळ, किती गोड" असं म्हणतात, आणि मला दरवेळी वाटतं की यांनी ईलिंग स्टुडिओचा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' नीट पाहिलाय का? त्यात एक अतिशय सभ्य, टापटीप माणूस ड्यूक व्हायचंय म्हणून आपल्या आणि पदवीच्या मधे येणारे नातेवाईक एकामागून एक वर पाठवतो, आणि आपण चक्क त्याच्या बाजूने असतो. सोज्वळ कसलं डोंबल! हे सिनेमे टिकलेत ते गोडव्यामुळे नाहीच, ते टंचाईतून आणि नियमांच्या वैतागातून आलेत, म्हणून त्यांच्यात अजून दम आहे. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

ईलिंग हे लंडनच्या पश्चिमेचं उपनगर. तिथे १९०२ पासून सिनेमे बनत होते, बोलपटांसाठीचे स्टुडिओ १९३१ मध्ये उभे राहिले. त्या काळातली कॉमेडी थेट म्युझिक हॉलमधून (गाणी-नकलांचे रंगमंचावरचे कार्यक्रम) उचललेली, म्हणजे नट रंगमंचावर जे करायचा तेच कॅमेऱ्यासमोर. बँजोसारखं वाद्य वाजवत गाणी म्हणणारा जॉर्ज फॉर्मबी त्यातलाच, आणि बावळट मास्तर नाहीतर स्टेशनमास्तर रंगवणारा विल हे ('हे' हे त्याचं आडनाव) पण. (हा विल हे हौशी खगोलशास्त्रज्ञ होता, १९३३ मध्ये शनीवरचा पांढरा डाग त्यानेच शोधला. असो.) १९३८ मध्ये मायकेल बाल्कन स्टुडिओचे प्रमुख झाले आणि हळूहळू नटापेक्षा गोष्ट मोठी व्हायला लागली. लेखक-दिग्दर्शक एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या स्क्रिप्ट फाडायचे आणि उरलेली चर्चा समोरच्या रेड लायन पबमध्ये व्हायची. स्टुडिओला लोक चेष्टेने 'बाल्कनसाहेबांची तरुण सद्गृहस्थांसाठीची शाळा' म्हणायचे.

मग युद्ध झालं, आणि खरी गंमत युद्ध जिंकल्यावर सुरू होते. जिंकले, पण हातात काय आलं? कुपनं. कपड्यांना कुपन, मटणाला कुपन, आणि जो ब्रेड युद्धात कधी रेशनवर नव्हता तो जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षं तसाच राहिला. मटणावरचं रेशन तर १९५४ पर्यंत चाललं. लंडनमध्ये गल्लोगल्ली बॉम्बने पडलेले ढिगारे तसेच पडून होते. लोकांकडे पैसे थोडेफार होते पण विकत घ्यायला काही नव्हतं, मग लोक सिनेमाला जायचे. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये तब्बल १६३ कोटी तिकिटं विकली गेली, आणि लोकसंख्या होती पाच कोटींच्या आसपास. त्यात ऑगस्ट १९४७ मध्ये सरकारने परदेशी सिनेमांवर ७५ टक्के कर लावला, म्हणजे निशाणा अमेरिकेवरच, हॉलीवूडने चिडून नवे सिनेमे पाठवणंच बंद केलं, पुढच्या मार्चमध्ये समेट झाला खरा पण तोवर देशी सिनेमावाल्यांना जोर आला होता.

याच वातावरणात १९४७ मध्ये 'ह्यू अँड क्राय' आला. चोरांची टोळी मुलांच्या कॉमिकमधून सांकेतिक निरोप पाठवते हे काही पोरांच्या लक्षात येतं, आणि शेवटी लंडनभरची पोरं ढिगाऱ्यांवरून धावत येऊन चोरांना घेरतात. तो सगळा पडका भाग खराच, सेट लावायची गरजच नव्हती.

दोन वर्षांनी, १९४९ च्या वसंतापासून उन्हाळ्यापर्यंतच्या काही आठवड्यांत ईलिंगचे तीन सिनेमे पाठोपाठ आले: 'पासपोर्ट टू पिम्लिको', 'व्हिस्की गलोर' आणि 'काइंड हार्ट्स'. एका स्टुडिओने असा धमाका परत कधी केला असेल असं मला वाटत नाही.

पिम्लिकोची कल्पना टी. ई. बी. क्लार्क या लेखकाची. युद्धात नेदरलँड्सची राजकन्या युलियाना कॅनडात आश्रयाला होती, १९४३ मध्ये तिथे तिला मुलगी झाली, आणि बाळाच्या वारसाहक्काला अडचण नको म्हणून कॅनडा सरकारने प्रसूतीच्या खोल्या कॅनडाच्या हद्दीबाहेरच्या आहेत असं जाहीर केलं होतं. क्लार्कने ते उचललं आणि लंडनच्या पिम्लिको या मोहल्ल्यावर बसवलं. न फुटलेला बॉम्ब फुटतो, खाली खजिना आणि जुनी सनद सापडते, त्यात लिहिलेलं की हा भाग इंग्लंडचा नाहीच, बर्गंडी या फ्रान्सकडच्या जुन्या संस्थानाचा आहे! म्हणजे इंग्लंडचे कायदे इथे लागू नाहीत, म्हणजे रेशन नाही, म्हणजे पब बंद करायची वेळ नाही. लोक पबमध्येच रेशनकार्डं फाडतात. मग सरकार काटेरी तारा लावतं, भुयारी रेल्वेत कस्टमवाले चढतात आणि बाकीचे लंडनकर कुंपणावरून खाणं फेकतात. शेवटी पिम्लिको परत इंग्लंडमध्ये येतं, सगळ्यांना नवी रेशनकार्डं मिळतात आणि त्याच क्षणी धो धो पाऊस पडतो. बंड करायचं, पण संध्याकाळपर्यंत घरी परतायचं, हा ईलिंगचा ठरलेला सूर. बाल्कन यांनी नंतर सांगितलं की युद्धानंतर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मजूर पक्षाला मत दिलं आणि आमची क्रांती ती एवढीच, सौम्य. त्यामुळे सिनेमातली मंडळी सरकार उलथवत नाहीत, फॉर्म भरायला नाही म्हणतात, बस.

'व्हिस्की गलोर'ला तर खऱ्या घटनेचा आधार. फेब्रुवारी १९४१ मध्ये 'पॉलिटिशियन' नावाचं मालवाहू जहाज स्कॉटलंडच्या पश्चिमेला एरिस्के बेटाजवळ खडकावर आदळलं, त्यात व्हिस्कीच्या अडीच लाखांच्या वर बाटल्या होत्या, आणि बेटांवर युद्धामुळे व्हिस्कीचा दुष्काळ. पुढे काय झालं ते सांगायला नको. काही जणांना कस्टमवाल्यांनी तुरुंगातही धाडलं. कॉम्प्टन मॅकेन्झीने त्यावर कादंबरी लिहिली आणि अलेक्झांडर मॅकेंड्रिकने 'बारा' नावाच्या बेटावर जाऊन शूटिंग केलं, हा त्याचा पहिलाच सिनेमा. यातला माझा सगळ्यात लाडका प्रसंग म्हणजे बेटकरी होड्या घेऊन निघणार तेवढ्यात बाराचे ठोके पडतात, रविवार लागतो, आणि देवाच्या दिवशी काम करायचं नाही म्हणून अख्खं गाव दिवसभर किनाऱ्यावर बसून जहाजाकडे बघत राहतं! चोरी करायचीय पण धर्म मोडायचा नाही. योगायोग बघा, त्याच १९४९ साली आपल्याकडे मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला.

'काइंड हार्ट्स' मात्र या दोघांच्या जातीचा नाही. रॉबर्ट हॅमरचा हा सिनेमा थंड डोक्याचा, आवाज न चढवता क्रूर. अलेक गिनेसला चार भूमिका देऊ केल्या होत्या, त्याने विचारलं चारच का, आठ का नकोत? आणि खरंच आठ केल्या, त्यात एक बाईची. चर्चमध्ये त्याचे सहा अवतार एकाच वेळी दिसतात तो शॉट कॅमेरामन डग्लस स्लोकोंबने कॅमेऱ्यातच जमवला: लेन्सचा एकच भाग उघडा ठेवायचा, शूट करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, गिनेसचा मेकअप बदलायचा, पुढचा भाग उघडायचा. कॅमेरा केसभर हलला तरी सगळं फुकट, म्हणून स्लोकोंब रात्री कॅमेऱ्याजवळच झोपला. (हाच माणूस पुढे पहिल्या तीन इंडियाना जोन्स सिनेमांचा कॅमेरामन.) शेवटी खुन्याची कबुली लिहिलेली वही कोठडीत राहून जाते आणि सिनेमा तिथेच थांबतो, तर अमेरिकेतल्या सेन्सॉरसाठी वही अधिकाऱ्यांच्या हातात पडते असा काही सेकंदांचा तुकडा जोडावा लागला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९९ च्या शंभर सिनेमांच्या यादीत हा सहावा आहे.

आता ब्लॅक अँड व्हाइटचं. हा काही दरवेळी कलात्मक निर्णय नव्हता, रंगीत फिल्म महाग आणि त्याचे खास कॅमेरे मोजकेच. पण नाईलाजाने घेतलेला तो करडा रंग लंडनच्या धुरकट हवेला आणि ढिगाऱ्यांना असा काही बसला की हे सिनेमे कॉमेडी असून दिसतात बातमीपटासारखे, आणि म्हणूनच त्यातला वेडेपणा खरा वाटतो. १९५३ मध्ये ईलिंगची पहिली रंगीत कॉमेडी आली, एका गावच्या रेल्वेवरची. दिसायला छान, पण धार गेली असं माझं मत.

त्याआधी १९५१ मध्ये दोन जबरदस्त सिनेमे येऊन गेले. 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मध्ये बँकेचा एक गरीब कारकून सोनं पळवतो आणि आयफेल टॉवरच्या खेळण्यांत ओतून देशाबाहेर पाठवतो. क्लार्कने म्हणे सरळ बँक ऑफ इंग्लंडला जाऊन विचारलं की तुमचं सोनं चोरायचं तर कसं चोरावं, आणि बँकेने त्यासाठी कमिटी बसवली! पटकथेला ऑस्कर मिळालं. दुसरा 'द मॅन इन द व्हाइट सूट', कधी न मळणारं न झिजणारं कापड शोधणाऱ्या वेड्या केमिस्टचा. गिरणीमालक त्याच्या मागे लागतात कारण धंदा बसेल, युनियनवालेही लागतात कारण नोकऱ्या जातील, आणि खोली भाड्याने देणारी धुणंवाली म्हातारी विचारते की मग माझ्या धुण्याचं काय? गिरणगाव माहीत असलेल्या कुठल्याही मराठी माणसाने हा बघावाच, मालक आणि युनियन एका बाजूला आलेले बघायला मिळणं तसं दुर्मिळ.

१९५५ मध्ये स्टुडिओ बीबीसीने विकत घेतला. रेशन संपलं होतं, घराघरात टीव्ही येत होता, शेजारीपाजारी मिळून सरकारला चकवतात ही कल्पनाच जुनी वाटायला लागली. बोल्टिंग बंधूंच्या 'आय अ‍ॅम ऑल राइट जॅक'मध्ये (१९५९) कुणीच धड नाही, मालक चोर, कामगार आळशी, आणि पीटर सेलर्स या नटाने रंगवलेला तो युनियन पुढारी रशियाच्या गव्हाच्या शेतांची स्वप्नं बघणारा. 'कॅरी ऑन' सिनेमांची मालिका १९५८ मध्ये सुरू झाली तीही ब्लॅक अँड व्हाइटच, पण तिथला विनोद वेगळा, चावट.

ज्या टीव्हीने स्टुडिओ गिळला त्याच टीव्हीने हे सिनेमे पुढच्या पिढ्यांपर्यंत नेले, दुपारच्या रिकाम्या वेळात तेच तेच पुन्हा दाखवून. ब्रिटनमध्ये २०१५ पासून टॉकिंग पिक्चर्स टीव्ही नावाचं एक चॅनेल मुख्यतः जुन्या सिनेमा-मालिकांवरच चालतं. आणि 'लॅव्हेंडर हिल'चा दिग्दर्शक चार्ल्स क्रिक्टन? त्याला विनोदी नट-लेखक जॉन क्लीझने पुन्हा मैदानात आणलं, सत्तरी कधीच उलटलेली असताना त्याने 'अ फिश कॉल्ड वांडा' (१९८८) केला, पुन्हा चोरीचीच गोष्ट, पुन्हा एक घुसमटलेला सभ्य इंग्रज, आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळवलं.