दोष उन्हाचा नव्हता

मे महिन्यातली दुपार. रामटेकहून नागपूरला परत येताना मनसरच्या पुढे गाडीने पिकअप सोडला. पाय दाबत नेला तरी वेग साठच्या वर जाईना. थोड्या वेळाने सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला आणि बाजूला बसलेल्या आईने पाय वर घेतले. "खालून चटके बसून राहिले गं," ती म्हणाली. बाहेर ४५ अंश तापमान होतं, म्हणून आम्ही दोघींनी उन्हाला बोल लावला. कन्हानला कडुनिंबाखाली अर्धा तास थांबलो आणि पुढे निघालो. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा मधूनमधून लुकलुकत होता. तोही मी उन्हाच्याच खात्यात टाकला.

या गाडीला सहा महिन्यांपूर्वीच नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणारा भाग, बसवला होता. "जुना चोक झाला" एवढंच कारण सांगून एका वर्कशॉपने तो बदलून दिला होता. जुना का चोक झाला, हे त्यांनी शोधलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता नवाही त्याच वाटेने चालला होता.

हा भाग गाडीखाली दडलेला असतो, म्हणून बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरपर्यंत पोचण्याआधी वाटेत जेवणाच्या डब्याएवढा एक फुगीर स्टीलचा डबा लागतो. त्याच्या आत कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची वीट बसवलेली असते आणि त्या विटेतून आरपार हजारो चौकोनी नळ्या जातात, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटर रुंद. समोरून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे काही नॅनोमीटर आकाराचे कण पेरलेले असतात. तिन्ही धातू मिळून वजन काही ग्रॅमच भरतं, पण त्यातल्या ऱ्होडियमचा भाव २०२१ मध्ये सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. गाडीखालून कन्व्हर्टर कापून नेणारे चोर उगीच होत नाहीत.

हे कण स्वतः खर्च होत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन मिळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळालेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून साधा नायट्रोजन सुटतो. हे काम थंडीत होत नाही. विटेचं तापमान साधारण २५० ते ३०० अंशांवर गेलं की क्रिया पेट घेते आणि पुढे ४०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात ती सुखाने चालते. म्हणजे ज्या डब्याचं रोजचं जगणंच ६०० अंशांच्या आसपास आहे, त्याला नागपूरचा मे आणि नागपूरचा डिसेंबर यांतला पस्तीस अंशांचा फरक जाणवतही नाही. रेडिएटरची गोष्ट वेगळी. त्याला बाहेरच्या हवेनेच थंड व्हायचं असतं, त्यामुळे त्याला ऊन छळतं. कन्व्हर्टर तापतो तो आतून.

आतून म्हणजे कसा, ते जरा आकड्यांनी पाहू. चार सिलिंडरची गाडी ताशी ८० किलोमीटरने जाते आहे आणि लिटरला १५ किलोमीटर देते आहे असं धरू. तासाला सव्वापाच लिटरच्या वर पेट्रोल लागलं. चारपैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल, तर त्यातला पाव हिस्सा, म्हणजे सव्वा लिटरहून जास्त पेट्रोल न जळता धुरासोबत बाहेर पडतं. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. गुणाकार-भागाकार केला तर ही गळती सुमारे १२ किलोवॅटची निघते. स्वयंपाकघरातल्या गॅसचे पाच-सहा बर्नर मोठ्या आचेवर, आणि ते सगळे त्या जेवणाच्या डब्याएवढ्या जागेत.

पेट्रोल आहे, पण जळायला हवा कुठून आली? खरी मेख इथेच आहे. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तिथला ऑक्सिजनही वापरला गेला नाही. तो पेट्रोलच्या सोबतीनेच कन्व्हर्टरमध्ये पोचतो. इंधन, ऑक्सिजन आणि क्रिया पेटवणारा तापलेला प्लॅटिनम, असा सगळा सरंजाम एका ठिकाणी जमतो. त्यावर कडी म्हणजे पुढचा, कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा जास्तीचा ऑक्सिजन हुंगतो आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं समजून इंजिनाच्या संगणकाला तसं कळवतो. संगणक बिचारा उरलेल्या तीन सिलिंडरांनाही जास्त पेट्रोल सोडू लागतो. आगीत तेल म्हणतात ते हेच.

असं झालं की वीट ९०० अंशांच्या पुढे जाऊ लागते. आधी धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. दमट हवेत साखरेचे खडे बनतात तसं. साखर तेवढीच राहते, पण उघडा पृष्ठभाग घटतो आणि कन्व्हर्टरचं काम पृष्ठभागावरच चालतं. आणखी ताप चढून १,४०० अंश ओलांडले की खुद्द सिरॅमिक वितळून नळ्या बुजतात. धुराला वाट मिळत नाही, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि गाडी साठच्या वर जात नाही.

सडक्या अंड्याचा वासही इथलाच. पेट्रोलमध्ये गंधक अगदी थोडं असतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग. ते कन्व्हर्टरच्या थरात साठत जातं आणि पेट्रोल जास्त, ताप जास्त अशी स्थिती आली की हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं.

मानकापूरकडच्या एका जुन्या गॅरेजमध्ये मी गाडी नेली. तिथले मिस्त्रीकाका साठीच्या पुढचे. मी सुरुवातच उन्हापासून केली. ते म्हणाले, "ऊन तं दरसालच राहते, ताई. हे पेट्रोल जळून राहिलं, पण चुकीच्या जागी."

त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. दोन कोड निघाले. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता उतरली आणि पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे तिथलं पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही. पहिल्या कोडवर बोट ठेवून कन्व्हर्टर बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात. काकांनी दुसरा कोड धरला. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थही त्यांच्याकडूनच कळला. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला असेल तर सवडीने गाडी दाखवली तरी चालतं. तो लुकलुकत असेल, तर मिसिंग इतकं आहे की कन्व्हर्टर या क्षणी भाजून निघतो आहे. अशा वेळी वेग कमी करायचा आणि गाडी बाजूला घ्यायची. मी मात्र कन्हानपासून घरापर्यंत तशीच आणली होती.

मग त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन काढली. चकचकीत स्टीलवर ही गन फसते. उजळ पृष्ठभाग उष्णता कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. माझा कन्व्हर्टर अजून नवा, उजळ होता. काकांनी आधी दोन्ही टोकांना उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला, तो वाळू दिला आणि नंतर इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरून त्या ठिपक्यांवर नेम धरला. पुढच्या तोंडाशी ३४०, मागच्या तोंडाशी ५६०. निरोगी कन्व्हर्टरमध्येही मागचं टोक थोडं जास्त गरम असतं, कारण आत क्रिया चालू असते. पण तो फरक तीस-चाळीस अंशांच्या आसपास असायला हवा. दोन्ही टोकं सारखी किंवा मागचं थंड असेल, तर कन्व्हर्टर मेल्याचा संशय घ्यायचा. इथे २२० अंशांचा फरक होता. काकांनी शटर अर्धं खाली ओढलं. अंधारात डब्याच्या मागच्या बाजूला निखाऱ्यावर राख धरावी तसा मंद लाल पट्टा दिसला. कोणताही घन पदार्थ साधारण ५२५ अंशांना असा लाल दिसू लागतो, हे जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवलं होतं. पुस्तकात वाचलेला तो आकडा डोक्यावर टांगलेल्या माझ्याच गाडीत दिसेल असं वाटलं नव्हतं. काकांनी लगेच इंजिन बंद केलं.

गाडी निवल्यावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाब मोजायचं मीटर बसवलं. २,५०० फेऱ्यांवर काटा ३ पीएसआयच्या आत राहायला हवा, तो पाचाच्या वर गेला. त्याच भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. कडेच्या नळ्या शाबूत होत्या. मधोमध मात्र जाळी खचून तिचा काळपट, काचेसारखा चमकणारा गोळा झाला होता.

आता ठिणगी का पडत नव्हती? प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती कॉइल. काकांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर लावली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसले, गाडी थोडा वेळ चालवली. इंजिन तापलं तसा कोड पी ०३०१ आला. दोष कॉइलसोबत जागा बदलून गेला, म्हणजे कॉइलच चोर. पहिल्याचा प्लग काढला तर तो ओला, पेट्रोलचा वास मारणारा. कॉइलच्या अंगावर केसाएवढी चीर होती. थंडीत ती काम करायची, तापली की ठिणगी चिरेतून बाहेरच उडून जायची. सहा महिन्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये गाडी सकाळी थंड असताना तपासली गेली होती. साठलेला कोड वाचण्याऐवजी पुसला गेला आणि निरपराध भागावर बिल फाटलं.

मी काकांना विचारलं, कॉइल काढूनच का नाही पाहिली? जुन्या गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपसून पाहायचे. जिच्यामुळे आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर मेलं. "पहिले तसंच करत होतो," ते म्हणाले. "आता नाही करत." याचं कारण इतिहासात आहे. भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेमुक्त पेट्रोल आलं, कारण शिसं प्लॅटिनमवर बसलं की कन्व्हर्टर निकामी होतो. देशभर शिसेमुक्त पेट्रोल व्हायला २००० साल उजाडलं. त्याआधी नागपुरात हात बसलेल्या मिस्त्र्यांच्या दृष्टीने न जळालेलं पेट्रोल म्हणजे फक्त सायलेन्सरमधून एक फटाका. आज तीच वायर मिनिटभर उपसली तर ते पेट्रोल थेट तापलेल्या जाळीवर जातं. गाडीला धक्का मारून सुरू करू नका असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेही याचसाठी. माझ्या मते ही जुनी सवय मोडणं कुठल्याही महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त गाड्या वाचवील.

दर वेळी कॉइलच दोषी निघेल असं नाही. इंजेक्टर गळत असेल, इंजिनाचा तापमान सेन्सर इंजिन थंडच आहे असं खोटं सांगत असेल, ऑक्सिजन सेन्सर सुस्तावला असेल, तरी पेट्रोल जास्त जातं. स्कॅनरवर फ्यूल ट्रिमचा, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचा आकडा बराच उणे दिसला की संगणक पेट्रोल कमी करायला धडपडतोय हे कळतं. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातला फॉस्फरस थरावर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तर तोही थराला विष ठरतो. पण क्रम एकच: आधी कारण, नंतर कन्व्हर्टर. पेट्रोलमध्ये ओतायच्या क्लीनरच्या बाटल्या वितळलेली जाळी परत उभी करू शकत नाहीत. आणि वीट फोडून रिकामा डबा बसवून देणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. ते कायद्याला धरून नाही, आणि तो कार्बन मोनॉक्साइड आपल्याच सिग्नलवर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

विदर्भात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. उन्हाळ्यात शेताच्या बांधावर, वाळल्या गवतावर किंवा कुटारावर गाडी उभी करू नका. कन्व्हर्टर ठणठणीत असला तरी लांबून आलेल्या गाडीचा तळ सुकं गवत पेटवू शकतो. दुसरी गोष्ट पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या प्लगच्या खोबणीत पाणी राहून पुढे मिसिंग सुरू होऊ शकतं, म्हणून ती नुसती वाळवून चालवू नये. धावती, तापलेली गाडी खोल पाण्यात घातली तर वेगळंच होतं. सिरॅमिक एकदम थंड पडून तडकू शकतं. डबा निवल्यावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकला आणि आत खुळखुळलं, की वीट फुटली समजा.

काकांनी नवी कॉइल, चारही प्लग आणि त्यानंतर कन्व्हर्टर बदलला. कन्व्हर्टरनंतरच्या पाइपातले जाळीचे तुकडेही झटकून काढले, नाहीतर ते सायलेन्सरमध्ये अडकले असते. आम्ही काटोल रोडने गाडी फिरवून आणली आणि तापल्या तापल्या रॅम्पवर घेतली. पुन्हा काळे ठिपके, पुन्हा गन. पुढे ३३०, मागे ३६५. काकांनी दोन्ही आकडे खडूने गॅरेजच्या भिंतीवर गाडीच्या नंबरखाली लिहून ठेवले. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला मी गेले तेव्हा ते तिथेच होते. त्यांच्याखाली त्यांनी नवे आकडे लिहिले: ३२५ आणि ३६०.