चाक फिरतंय की चाक नाचतंय?

गोव्यात फोर्डची व्ही-एट (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) मस्टँग रस्त्यावर दिसली की लोक मोबाइल काढतात. तीच गाडी गॅरेजात आली की मालकाचं गाऱ्हाणं बहुतेकदा एकच असतं: जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागून धाडधाड आवाज येतो, सीटपर्यंत हादरे बसतात आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी जागीच आदळत राहते. म्हापशापासून मडगावपर्यंत कुठेही विचारा, सल्ला ठरलेला: "टायर रुंद घाल, पात्रांव." हा सल्ला वेगळ्याच दुखण्यावरचा आहे. इथे तो लागू पडत नाहीच, उलट कधी कधी दुखणं वाढवतो.

ताकदवान इंजिन, मागच्या चाकांना जोर आणि पायाखाली दमदार ॲक्सिलरेटर असला की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, चाक जागच्या जागी गरगर फिरतं. दुसरी, चाक नाचतं. दोन्हीत रबर जळतं, धूर निघतो, गाडी पुढे सरकत नाही, म्हणून लोक दोन्ही एकातच मोजतात. पण पहिल्यात टायरला पकड मिळालेलीच नसते. दुसऱ्यात पकड मिळते, सुटते, पुन्हा मिळते, पुन्हा सुटते, आणि हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं.

ओळखायला सोपं आहे. आधी कान द्या. चाक नुसतं फिरत असेल तर आवाज सलग येतो: टायरची किंकाळी किंवा ओल्या रस्त्यावर नुसता सूं-सूं, आणि आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा सरळ वर. चाक नाचत असेल तर आवाज तुटक, ठोकल्यासारखा येतो आणि मागचा आरसा इतका थरथरतो की मागची गाडी दिसत नाही. मग खाली उतरून रस्ता बघा. फिरलेल्या चाकाची काळी पट्टी अखंड असते. नाचलेल्या चाकाची पट्टी तुटलेली असते: काळा डाग, मग कोरी जागा, मग पुन्हा काळा डाग, जवळपास सारख्या अंतरावर. एवढं बघितलं की अर्धं निदान झालं. (वेग धरल्यावर, ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी थरथरत असेल तर हे दोन्ही नव्हे. चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या, रिम वाकलंय का तेही बघा.)

आता नाचतं का ते. घरात जड खुर्ची फरशीवरून ओढली की ती सरळ सरकत नाही, कर्रर्र करत थरथरत येते. पाय अडतो, वाकतो, सुटतो, पुन्हा अडतो. मागच्या ॲक्सलचं, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं, तेच होतं. जुन्या अमेरिकन मसल कारला (मोठ्या इंजिनाच्या दणकट गाड्यांना) मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असायचे आणि त्यांच्यावर यू-बोल्टने आवळलेला अखंड ॲक्सल. इंजिनाचा जोर चाकाला पुढे फिरवतो तेव्हा ॲक्सलचं हौसिंग (बाहेरचं कवच) उलट्या दिशेने पीळ खातं, पिनियनचं, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलमध्ये आणणाऱ्या छोट्या गिअरचं, तोंड वर उचललं जातं आणि पाट्याला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. पाटा म्हणजे स्प्रिंगच. पिळला की ताकद साठवून ठेवणार. टायरची पकड सुटली की ती ताकद एका झटक्यात मोकळी होते, ॲक्सल मागे उसळतो, टायर पुन्हा जमिनीला चावतो आणि सगळं नव्याने सुरू होतं.

म्हणूनच रुंद, चिकट टायर इथे घातक ठरतो. पकड जितकी घट्ट तितका पीळ जास्त, आणि सुटतानाचा झटकाही तितकाच मोठा. गरगर फिरणाऱ्या चाकाने टायर झिजतो, पैसे जातात, बस. नाचणारं चाक मात्र क्राऊन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या गिअरच्या जोडीचे) दात, युनिव्हर्सल जॉइंट (फिरत्या दांड्यांचा सांधा), ॲक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) यांच्यावर घाव घालतं. फिरतं वजन क्षणात थांबतं तेव्हा शाफ्टवर येणारा धक्का इंजिनाच्या नेहमीच्या टॉर्कपेक्षा (फिरवणाऱ्या जोरापेक्षा) कितीतरी मोठा असतो. तुटलेला शाफ्ट पुष्कळदा याच धक्क्याचा बळी असतो, आणि दोष टाकला जातो शाफ्टच्या दर्जावर.

कारखान्यांना हे कळलेलं नव्हतं असं नाही. १९६७ च्या पहिल्या कॅमॅरोला मागे एकेकच पाटा होता आणि ती चांगलीच नाचायची. १९६८ मध्ये शेव्हर्लेने एक शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असा तिरका बसवला, म्हणजे ॲक्सलचा पीळ दोन्ही दिशांनी दाबला जावा. जास्त ताकदीच्या गाड्यांना एकावर एक अनेक पाटे दिले. क्रायस्लरची युक्ती मला जास्त आवडते: ॲक्सल पाट्याच्या मधोमध न ठेवता पुढे सरकवायचा, म्हणजे पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि ताठ राहतो, पिळला जात नाही. वर पिनियनच्या तोंडाला टेकायला रबराचा ठोकळा. साधं, स्वस्त आणि टिकाऊ. १९८० च्या दशकातल्या मस्टँगला फोर्डने मागे दोन जादा आडवे शॉक ॲब्सॉर्बर दिले, केवळ ॲक्सलची ही उसळी मारायला.

मग लोकांना वाटलं, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं, आलं की कटकट संपेल. संपली नाही. १९९९ च्या मस्टँग कोब्राला स्वतंत्र मागचं सस्पेन्शन होतं आणि ती इतकी नाचायची की ड्रॅग रेसवाल्यांनी ते काढून पुन्हा अखंड ॲक्सल बसवले. आपल्याकडे २०१६ मध्ये अधिकृतपणे आलेली मस्टँगही स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनचीच. इथे पाटा नाही, पण रबर आहे. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) सबफ्रेमला (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीला) रबराच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीवर, टांगलेलं, सबफ्रेम गाडीच्या अंगाला रबराच्या बुशवर, आर्मची (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्यांची) टोकंही रबरातच. जोर आला की प्रत्येक बुश थोडा थोडा दबतो, शाफ्ट थोडा पिळतो. त्या सगळ्या थोड्या-थोड्याची बेरीज म्हणजेच ती नाचणारी स्प्रिंग.

म्हणून सुधारणा करायची तर क्रम महत्त्वाचा. पहिलं काम नव्या सामानाचं नाहीच. गाडी वर घ्या, प्रत्येक बुशला पहारीने हलवून बघा. रबराला चीर गेलेली, मधली नळी एका बाजूला सरकलेली दिसली तर आधी तोच बुश बदला. किनाऱ्यालगत ठेवलेल्या गाडीत नळी आणि बोल्ट गंजून एकजीव होतात, तेव्हा ते काम दुपारभराचं धरून चाला. शॉक ॲब्सॉर्बरला तेल सुटलंय का बघा. थकलेला शॉक चाकाची उसळी आवरूच शकत नाही.

त्यानंतर सबफ्रेम. स्वतंत्र सस्पेन्शनच्या मस्टँगमध्ये मला विचाराल तर पैशाला सर्वात जास्त गुण इथे येतो. कंपनीच्या बुशमधल्या पोकळ्यांत बसणारे ॲल्युमिनियमचे किंवा पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) तुकडे मिळतात. ते घातले की सबफ्रेमची हालचाल बरीच कमी होते आणि सबफ्रेम पूर्ण उतरवायची गरज सहसा पडत नाही. मग डिफरन्शियलचे बुश. घन धातूचे बुश टाकले तर नाच जवळपास थांबतो, पण गिअरचा हूं-हूं आवाज थेट केबिनमध्ये येतो. रोज पणजीला ऑफिसला जायची गाडी असेल तर पॉलियुरेथेनवर थांबा. अखंड ॲक्सलची गाडी असेल तर ताठ लोअर आर्म किंवा पाट्यांसाठी ट्रॅक्शन बार, म्हणजे पाटा पिळू न देणारा दांडा, आधी येतो. फक्त एक ध्यानात ठेवा: चार आर्मच्या जुन्या मस्टँगमध्ये वरचे आर्म तिरके असतात आणि वळताना त्यांना रबराची लवचिकता लागते. तिथेही कडक पॉलियुरेथेन घातलं तर सस्पेन्शन अडकतं आणि गाडी वळणावर मागून अचानक सुटते. चोर्ल्याच्या घाटात ते परवडणार नाही.

गाडी खाली बसवायची हौस असेल तर विचार करा. अखंड ॲक्सलच्या गाडीत उंची कमी केली की लोअर आर्मचा कोन बदलतो, चाकाला जमिनीवर दाबणारा जोर घटतो आणि नाच वाढतो. तो कोन परत आणणारे ब्रॅकेट मिळतात, पण आपल्या गावातल्या रस्त्यांवरचे गतिरोधक बघता हा प्रश्न अंगावर न घेतलेलाच बरा.

टायरचा सल्ला कुठे खरा? जिथे चाक खरोखर नुसतंच फिरतंय तिथे. डिचोली, उसगाव भागात खनिजाची तांबडी धूळ रस्त्यावर बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिकट चिखल होतो. तिथे कुठलाही बुश बदलून काही व्हायचं नाही, चांगला टायर आणि हलका पाय हाच उपाय. नाच मात्र अर्धवट पकडीवर जास्त होतो: झाडांखाली ओलसर पट्टा, पुढे लगेच कोरडा डांबर, अशा जागी. चारही चाकांना जोर असल्याचं कौतुक असलेले आपले जीपवाले आणि पाट्यांवरच्या बोलेरो पिकअपवाले यांनाही हे लागू आहे. खडी सुटलेल्या चढावर माल भरलेली पिकअप ठकठक करायला लागली की ड्रायव्हर हमखास आणखी रेस देतो, आणि ॲक्सल शाफ्ट तुटतो तो त्या पुढच्या क्षणीच. ठकठक कानावर आली की पाय उचलायचा, गाडी जराशी मागे घ्यायची, आणि पुन्हा चढवताना पहिल्याच इंचाला जोर न देता हळू सुरुवात करायची. मस्टँगमध्येही ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवलं तर ते चाक सुटलं की इंजिनाचा जोर कापतं, म्हणजे नाच सुरू व्हायला वाव कमी. बटण बंद करून मग मागून आवाज येतो म्हणून गॅरेजात आलेल्या मालकाला मी पहिला प्रश्न त्या बटणाचाच विचारीन.