नागपूर जिल्हा बँक रोखे घोटाळा

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सव्वाशे कोटींहून अधिक रुपये २००१-०२ मध्ये सरकारी रोख्यांच्या (सरकार कर्ज उभारण्यासाठी विकते त्या कर्जपत्रांच्या) खरेदीच्या नावाखाली खासगी दलालांकडे गेले आणि बुडाले, ते हे प्रकरण. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि काँग्रेसचे सावनेरचे आमदार सुनील केदार यांना याच प्रकरणात २०२३ मध्ये शिक्षा झाली.

बँक आणि सत्ता

खरिपाचे कर्ज हवे असलेला कास्तकार गावच्या सेवा सहकारी सोसायटीत जातो. सोसायटीकडे स्वतःचा पैसा जेमतेम असतो. तिला तो जिल्हा बँक पुरवते आणि जिल्हा बँकेच्या मागे राज्य सहकारी बँक उभी असते. पेरणीच्या तोंडावर मंजुरी आठ दिवस लांबली, तरी सावकाराचे दार गाठावे लागते. मार्चअखेरीस कर्जाचे ‘नवे-जुने’ करून घेण्यासाठीही, म्हणजे जुने कर्ज फेडून नवे उचलण्यासाठीही, सोसायटीचा कारभार पाहणाऱ्या गटसचिवाच्याच मागे फिरायचे. बँकेच्या संचालक मंडळावर या सोसायट्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर निवडून जाता येते. त्यामुळे बँक ज्याच्या ताब्यात, त्याला गावोगावी वेगळे कार्यकर्ते नेमावे लागत नाहीत. पक्षाचे चिन्ह अशा ठिकाणी दुय्यम ठरते.

सहकारातले नेते बाबासाहेब केदार यांचे सुनील हे पुत्र. १९९५ मध्ये ते सावनेरमधून अपक्ष म्हणून निवडून आले. १९९९ मध्ये पडले, पण त्याच वर्षी बँकेचे अध्यक्षपद हाती आले आणि ते २००२ पर्यंत राहिले. २००४ मध्ये, म्हणजे घोटाळा उघड होऊन गुन्हा दाखल झाल्यानंतर, ते पुन्हा अपक्ष जिंकले. पुढे काँग्रेसच्या तिकिटावर २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीनदा आमदार झाले. महाविकास आघाडी सरकारात त्यांच्याकडे पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व क्रीडा ही खाती होती.

व्यवहार

सरकारी रोखे हा खरे तर सर्वांत निर्धोक गुंतवणुकीचा प्रकार. धोका रोख्यांत नव्हता, मधल्या दलालांत होता. बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांना पैसे मोजले. रोखे मात्र बँकेच्या हाती पडले नाहीत. पैसे आधी आणि माल नंतर, असा सौदा नागपूरच्या कळमना धान्यबाजारातला साधा अडत्यासुद्धा अनोळखी माणसाशी करणार नाही. २००२ मध्ये होम ट्रेड कोसळली तेव्हा वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्यात अडकल्याचे दिसले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना सरकारी रोखे डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच ठेवणे बंधनकारक केले.

खटला

आरोपपत्र २००२ मध्येच दाखल झाले आणि निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. केदार, बँकेचे तत्कालीन महाव्यवस्थापक आणि दलाल कंपन्यांशी संबंधित मंडळी अशा सहा जणांना नागपूरच्या न्यायालयाने पाच वर्षे सश्रम कारावास ठोठावला. तिघे निर्दोष सुटले. शिक्षा भारतीय दंड संहितेखाली, विश्वासघात व कटकारस्थानाच्या कलमांन्वये झाली. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याचा इथे संबंध नव्हता. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्या आमदाराचे पद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून तत्काळ जाते. त्याप्रमाणे केदारांची आमदारकी लगेच गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला, परंतु दोषसिद्धीला स्थगिती देण्यास त्याच वर्षी जुलैत नकार दिला.

बँकेचे पुढे काय झाले

अध्यक्षाला शिक्षा व्हायला एकवीस वर्षे लागली. शाखेत पासबुक घेऊन उभ्या राहणाऱ्याला एवढी सवलत मिळाली नाही. पुरेशा भांडवलाअभावी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळेना आणि २०१२ मध्ये नव्या ठेवी घेण्यावरही बंदी आली. वर्धा आणि बुलडाणा या विदर्भातल्याच दोन जिल्हा बँका त्याच रांगेत होत्या. परवाना नसलेल्या देशभरातील २३ जिल्हा बँकांसाठी केंद्राने २०१४ मध्ये पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तीत या तिघींचा समावेश होता. बुडालेल्या रकमेची जबाबदारी कोणावर टाकायची, याची सहकार कायद्याच्या कलम ८८ खालील वेगळी चौकशीही वर्षानुवर्षे रेंगाळली.

सावनेर, २०२४

शिक्षेमुळे केदार स्वतः उभे राहू शकत नव्हते, पण त्यांचे वजन संपले असे म्हणणे घाईचे ठरले असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, सावनेर ज्यात येते त्या रामटेक मतदारसंघात काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे विजयी झाले आणि त्याचे बरेच श्रेय केदारांच्या यंत्रणेला दिले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला त्यांच्या पत्नी अनुजा केदार सावनेरमधून लढल्या. तिथे भाजपचे आशिष देशमुख निवडून आले.