विलगित फुफ्फुसखंड

विलगित फुफ्फुसखंड : श्वासनलिकांच्या जाळ्याशी नेहमीचा संबंध नसलेला आणि फुफ्फुसी रोहिणीऐवजी (धमनीऐवजी) महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, शाखेतून रक्त मिळणारा फुफ्फुसाचा भाग. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘सीक्वेस्ट्रेशन’ हेच नाव असते. ही जन्मजात मानली जाणारी विकृती दुर्मिळ असून काही व्यक्तींत ती प्रौढ वयापर्यंत दडून राहते.

अंतःखंडीय प्रकार सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत आढळतो. तो शेजारच्या निरोगी फुफ्फुसाच्याच आवरणात असतो आणि त्यातील रक्त बहुधा फुफ्फुसी नीलांतून (शिरांतून) हृदयाच्या डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) जाते. बहिःखंडीय प्रकाराला स्वतःचे परिफुफ्फुस (फुफ्फुसाचे आवरण) असते. त्याचे रक्त सहसा शरीराच्या इतर नीलांकडे वळते. प्रौढांत मुख्यतः पहिलाच प्रकार दिसतो, तोही बहुधा डाव्या खालच्या खंडाच्या मागील भागात.

उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. महारोहिणीतून फुफ्फुसात शिरणाऱ्या रोहिणीचे वर्णन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळते. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी सुट्या खंडाचे वर्णन १८६१ च्या सुमारास केले. आजचे नाव ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ प्राइस यांच्या १९४६ च्या लेखनामुळे रूढ झाले. या रोहिणीच्या ओढीने गर्भावस्थेत फुफ्फुसाचा कोंब तुटतो, असे प्राइस यांचे मत होते. परंतु त्यांच्याच, वरील दोन प्रकारांहून वेगळ्या, वर्गीकरणातील पहिल्या प्रकारात अशी रोहिणी असूनही फुफ्फुस जोडलेलेच राहते. ओढ हेच कारण असेल, तर तेथे खंड का तुटला नाही? आद्यांत्राला (गर्भातील अन्ननलिकेच्या सुरुवातीच्या भागाला) फुटलेला जादा कोंब हे कारण बहिःखंडीय प्रकाराला अधिक पटते, कारण त्यात अन्ननलिकेशी किंवा जठराशी दुवा आणि मध्यपटलातील (छाती व पोट यांमधील पडद्यातील) दोष कधीकधी सोबत सापडतात. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ स्टॉकर यांनी १९८० च्या दशकात अंतःखंडीय प्रकार बराचसा जन्मजात नसून नंतर उद्भवलेला असल्याचे मांडले : वारंवार जंतुसंसर्ग होऊन फुफ्फुसबंधातील (फुफ्फुसाला खाली धरून ठेवणाऱ्या आवरणाच्या घडीतील) बारीक रोहिण्या फुगतात. प्रौढांतील काही उदाहरणांना हे लागू पडते. तथापि नवजात अर्भकांतही हा प्रकार आढळत असल्याने सर्वच रुग्णांना ते लावता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात छातीच्या एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात आणि त्यातल्या सावलीला ‘डाग’. डाग म्हणजे क्षय, ही समजूत घट्ट आहे. प्रौढांतील फुफ्फुसाचा क्षय मात्र बहुतांशी वरच्या भागात दिसतो. म्हणून खालच्या खंडात त्याच जागी पुन्हापुन्हा न्यूमोनिया, बेडक्यातून रक्त आणि बेडक्याच्या तपासण्यांत क्षयजंतू नाहीत, असे असेल तर या विकृतीचा विचार व्हायलाच हवा. रुग्ण कधी बेळगावात, कधी कोल्हापूर-मिरजेला दाखवतो आणि जुने फोटो पिशवीतच राहतात. ते शेजारी लावून पाहिले, तर डाग जागचा हलला नाही हे लगेच कळते.

निदान ठरते ते रोहिणी दिसल्यावर. साध्या सीटी स्कॅनमध्ये गाठ, पाण्याने किंवा हवेने भरलेल्या पोकळ्या किंवा घट्ट झालेला भाग दिसतो. या खुणा गळू आणि कर्करोगातही असतात. शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठीचे द्रव्य) देऊन, महारोहिणी भरलेली असताना घेतलेल्या पातळ छेदांच्या सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटी चित्रणात) रोहिणीचा उगम व मार्ग स्पष्ट होतो. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत उगम छातीतील महारोहिणीतून आणि साधारण एक-पंचमांशात पोटातील महारोहिणीतून असतो. यासाठी तपासणी पोटाच्या वरच्या भागापर्यंत न्यावी लागते. नीलाही पाहाव्यात, नाहीतर प्रकार ठरत नाही. कॉन्ट्रास्ट देणे धोक्याचे असल्यास एमआर (चुंबकीय चित्रण) तपासणीचा उपयोग होतो. पूर्वी यासाठी महारोहिणीत नळी घालून चित्रण करीत.

उपचार बहुधा शस्त्रक्रियेचा; काही रुग्णांत कॉइल (धातूचे बारीक वेटोळे) घालून रोहिणी बंद करतात. रोहिणी एकाहून अधिकही असू शकतात. न ओळखलेली रोहिणी शस्त्रक्रियेत तुटली, तर तिचे टोक मध्यपटलाखाली सरकून जीवघेणा रक्तस्राव होतो. त्यामुळे रोहिण्यांची संख्या आणि उगम अहवालात स्वतंत्रपणे नोंदवतात.