प्रभू येतोय हे खरं, पण तारीख कोण काढतंय? थोडी पार्श्वभूमी

इंदूरमधल्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून "प्रभू अमुक तारखेला येतोय" (म्हणजे येशूचं दुसरं येणं, जगाचा शेवट) असा फॉरवर्ड येतोच, बहुतेक हिंदीत नाहीतर एखादा इंग्रजी व्हिडिओ, आणि मग दोन तट पडतात, एक घाबरणारा आणि एक हसणारा. २०२५ च्या सप्टेंबरात तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाच्या स्वप्नावरून २३-२४ तारीख ठरली होती, ती गेल्यावर ज्युलियन कॅलेंडर काढून ऑक्टोबर धरला. हे नवीन काही नाहीये, आणि ह्याच्यावर काय करायचं ते सुद्धा मंडळीला, म्हणजे चर्चला, सुरुवातीपासून सांगितलेलं आहे.

साधारण इ.स. ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. मंडळी नवी, वरून छळ, त्यात काही जण वारले, मग मागे राहिलेल्यांना काळजी की प्रभू यायच्या आधीच गेले त्यांचं काय. पौल धीर देतो आणि पाचव्या अध्यायात म्हणतो तो दिवस रात्रीच्या चोरासारखा येईल, जागे राहा. त्याच अध्यायात थोडं खाली उतरलं की, संदेष्ट्यांच्या संदेशांचा धिक्कार करू नका पण सगळ्याची पारख करा. मला विचाराल तर सगळी गोम इथेच आहे, वाट बघणं आणि पारखणं एकाच पानावर दिलंय, आणि पुढे जिथे जिथे लोकांनी एक ठेवून दुसरं सोडलं तिथे गडबड झाली. दुसऱ्या पत्रात तर कामधंदा सोडून बसलेल्यांना सरळ ऐकवलंय, काम करायचं नसेल त्याने जेवूही नये.

पारखायचं म्हणजे नक्की काय करायचं, ह्याचं उत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'डिडाखे' नावाच्या छोट्या नियमावलीत आहे. ही शतकानुशतकं हरवली होती, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका हस्तलिखितात सापडली. तेव्हा गावोगाव फिरणारे प्रचारक आणि संदेष्टे असायचे, येतील ते मंडळीतल्या घरी उतरायचे. नियम असा की आलेल्या प्रचारकाला एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. जाताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आणि सगळ्यात भारी म्हणजे, आत्म्याच्या प्रेरणेने "पान वाढा" म्हणाला आणि स्वतःच त्यावर जेवायला बसला तर तोही खोटा! लिहिणाऱ्याने असे पाहुणे भरपूर बघितले असणार. ह्याच पुस्तिकेचा शेवटचा अध्याय आहे शेवटच्या काळावर, दिवे विझू देऊ नका म्हणून.

दुसऱ्या शतकात फ्रिगिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानात माँटेनस आणि त्याच्यासोबतच्या दोन संदेष्ट्या, प्रिस्किला आणि मॅक्सिमिला, ह्यांची चळवळ उठली, पेपुझा गावी नवं यरुशलेम उतरणार म्हणून. पाचव्या शतकात ऑगस्टिन ह्या बिशपने प्रकटीकरणातली (बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली) हजार वर्षं म्हणजे मंडळीचाच चालू काळ असा अर्थ लावला आणि वर्षं मोजणाऱ्यांना बोटं आवरा अशा अर्थाचं सुनावलं. त्यानंतर बरीच शतकं अधिकृत शिकवण तरी हीच राहिली, मधून मधून आकडेमोड चालूच.

आकडेमोडीचा नमुना बघायचा तर मिखाएल श्टिफेल. सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचा मित्र, लोखाऊ गावचा पाळक (पास्टर) आणि गणिताचं डोकं एकदम पक्कं. त्याला पोप दहावा लिओ हाच प्रकटीकरणातला ६६६ आकड्याचा पशू ठरवायचा होता. तर 'लिओ डेसिमस' ह्या लॅटिन नावातली रोमन आकड्यांची अक्षरं तेवढी उचलली, बेरीज आली १६५६. हजार जास्त होतायत, तर तो 'एम' म्हणजे 'मिस्टेरियम', गूढ, म्हणून बाजूला काढला. उरले ६५६, लिओ दहावा आहे म्हणून दहा मिळवले, झाले ६६६! म्हणजे उत्तर आधी ठरलेलं, गणित नंतर. पुढे त्याने १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी ८ वाजता जगाचा शेवट असं जाहीर केलं, लूथर नको नको म्हणत होता तरी. लोक येऊन थांबले, आठ वाजून गेले, काही झालं नाही, पाळकाची नोकरी गेली. लूथरने नंतर सांभाळून घेतलं त्याला. बीजगणितात मात्र त्याचं नाव आजही आदराने घेतात, म्हणजे हुशारी असली की पारख येतेच असं काही नाही.

श्टिफेलचं हसण्यावारी गेलं, म्युन्स्टरचं नाही. तिथे जर्मनीत १५३४-३५ मध्ये ॲनाबाप्टिस्ट नावाच्या पंथाच्या लोकांनी 'नवं यरुशलेम' म्हणून शहरच ताब्यात घेतलं होतं, शेवट वेढ्यात आणि कत्तलीत झाला, म्होरक्यांची प्रेतं ज्यात टांगली ते लोखंडी पिंजरे चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं असं धरून इ.स.पू. ४५७ पासून मोजलं. त्याने सांगितलेला काळ उलटल्यावर त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ पक्की केली. हजारो लोक रात्रभर जागले. काहींनी पीकही शेतात तसंच ठेवलं होतं, कशाला काढायचं म्हणून. त्या निराशेतूनच पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, आणि त्यांनी तारीख काढणं सोडलं. त्याच सुमारास जॉन नेल्सन डार्बीने इंग्लंड-आयर्लंडमध्ये शेवटच्या मोठ्या संकटाच्या आधीच विश्वासणारे वर उचलले जातील (रॅप्चर) ही शिकवण मांडली, १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांनी ती जगभर गेली. आज आपल्याकडे बऱ्याच जणांना रॅप्चर म्हणजे पहिल्यापासूनची सर्वमान्य शिकवण वाटते, पण ह्या मांडणीला दोनशे वर्षंही धड झाली नाहीयेत.

आता आपल्या इकडचं. इंदूरला कॅनेडियन प्रेसबिटेरियन मिशन आलं १८७७ मध्ये, होळकरांचं राज्य, दरबारात मराठी, बाहेर माळवी-हिंदी. १८८७ मध्ये त्यांचं कॉलेज सुरू झालं, शाळा-दवाखाने होतेच. मग १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातल्या शेवटच्या काळाच्या चिन्हांच्या यादीत दुष्काळ आहेच, बसून हिशोब करायला चांगला मोका होता, पण मिशनच्या लोकांनी अनाथ मुलं गोळा करून जगवली. तिकडे पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी तेच केलं, आधी मध्य प्रांतातून, मग गुजरातेतून मुली आणल्या. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनात मोठं पुनरुज्जीवन (श्रद्धेची लाट) झालं, रडणं, रात्र रात्र प्रार्थना, सगळं, तरी तिथली शेती आणि छापखाना चालूच राहिला आणि बाई बायबलच्या भाषांतराला लागल्या. थेस्सलनीकाच्या पत्राला ह्याच्यापेक्षा जवळचं उदाहरण मला तरी मराठीत सापडत नाही.

बरं, तारखेची भीती काही फक्त ख्रिस्ती लोकांची नाही. फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही जुन्या लोकांना विचारा, मकरेत आठ ग्रह येणार म्हणून देशभर यज्ञ चालले होते.

अलीकडचं सगळ्यांना माहीतच आहे. अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, लोकांनी जमापुंजी जाहिरातींत घातली, मग ऑक्टोबर सांगितला, आणि २०१२ मध्ये त्याने स्वतःच लिहून दिलं की तारीख सांगणं पाप होतं. कोरोनात लसीत चिप आहे, ती पशूची खूण आहे हे आपल्या ग्रुपवर पण फिरलं. त्या व्हिडिओंच्या खाली बहुतेक वेळा देणगीचा क्यूआर कोड असायचा. डिडाखेवाल्याने तिथेच निकाल लावला असता.

गंमत म्हणजे पारंपरिक मंडळ्यांनी ही वाट बघणं तारखेशिवायच कॅलेंडरात बसवून ठेवलंय. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळ, आणि त्यातल्या पहिल्या रविवारचं शुभवर्तमानातलं वाचन गोठ्यातल्या बाळाचं नसतं, प्रभूच्या दुसऱ्या येण्याचं असतं, जागे राहा हेच. आता नोव्हेंबरच्या शेवटी इंदुरात लग्नं, कॅरोलची प्रॅक्टिस आणि केकची ऑर्डर ह्यात तो रविवार निम्म्या लोकांचा बुडतो ते वेगळं.